कानावरची जाळी

जाळीतून वारं शिरलं म्हणे. आमच्या घरात हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं की शेवटी ते खरंच होऊन बसलं, आणि ती जाळी जिने विणली ती, म्हणजे मी, घरातल्या घरात परकी झाले. अजूनही कुणाच्या हातात क्रोशाची सुई दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सुईवर राग काढण्यात काही अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण माणसांवर काढायची सोय नव्हती.

डहाणू आणि वाढवण यांच्या मध्ये, समुद्राच्या अंगाला आमची चिकूची वाडी. घरात सासू-सासरे, आमचे हे, धाकटे दीर आणि आम्ही दोघी जावा. मी मोठी. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. हे मी असं सरळ सांगते, कारण बाकी सगळे ते आडून आडून सांगायचे. दवाखाने झाले, उपास झाले, मुंबईचे मोठे डॉक्टर झाले आणि मग घर थकलं. थकलं म्हणजे उपाय करायचं थकलं, बोलायचं कुणी थकलं नाही. कुणाची ओटी भरायची वेळ आली की नेमकं तेव्हाच मला आत काहीतरी काम निघायचं. कधी नारळ खवायचा, कधी दूध उतू जातंय का ते बघायचं. मी काही खुळी नव्हते. जायचे आत आणि खवायचे नारळ.

धाकटी तलासरीची. हायवेच्या मागच्या बाजूला तिच्या वडिलांचं घर, ते शाळेत शिक्षक होते. आमच्या घरात ती आली ती हसत आणि बडबडत. सासूबाईंशी मराठीत, दारावर येणाऱ्या भाजीवाल्याशी गुजरातीत आणि मोबाइलवर मैत्रिणींशी अर्ध्या हिंदीत तिचं चालायचं. मला ‘ताई’ म्हणायची. दुपारी पुरुषांची जेवणं झाली की आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. ती मला फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं नेहमीचं जावाजावांचं भांडण वाटेल. तसं ते नव्हतं. भांडण असतं तर मी केव्हाच विसरले असते.

दोन हजार सोळा साली तिला दिवस गेले. नवऱ्याला सांगायच्या आधी तिने मला सांगितलं, मागच्या दारी कपडे धुताना. आणि लगेच म्हणाली, “ताई, बाळाला पायावर तुम्हीच घ्यायचं हां. मला नाही जमणार, भीती वाटते. आईंचे तर गुडघे गेलेत.”

पायावर घेणं म्हणजे पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं-उताणं करून तेल चोळायचं आणि कढत पाण्याने न्हाऊ घालायचं. आमच्याकडे हे घरातली मोठी बाई करते. मला दुसरं काही नको होतं. बाळाचं नाव कोण ठेवणार, ते कुणासारखं दिसणार, माझं काही म्हणणं नव्हतं. रोज सकाळी तेवढा वेळ ते मूल माझ्या पायांवर असावं, एवढीच माझी हाव होती. त्या दिवसानंतर न्हाणीघरात एकटी असले की मी पाटावर बसून पाय लांब करून बघायचे, किती ताठ धरायचे, मधली फट किती ठेवायची. आता लिहितानाही लाज वाटते. पण होतं ते असं होतं.

डोहाळजेवण दिवाळीनंतर झालं. नोटा बंद झाल्या होत्या, घरातले पुरुष आळीपाळीने बँकेच्या रांगेत उभे राहत होते, आणि बाहेरच्या खोलीत गावातल्या बाया जमल्या होत्या. मी अर्थातच तळणावर. बाहेर ओटी भरण्याची गडबड मला ऐकू येत होती. कुणीतरी विचारलंही, मोठी कुठाय म्हणून. सासूबाई म्हणाल्या, तिचं तेल तापलंय. धाकटी पाटावर बसली होती, ती काही बोलली नाही. मात्र सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, मला आईंचा असा राग आला होता ना ताई. मी विरघळले. एकांतात तिच्याइतकी गोड कुणी नव्हती. चारचौघांत ती काय करते, हे तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

आता त्या टोपीचं. बाळंतिणीच्या डोक्याला आणि कानांना फडकं बांधतात, कानात कापसाचे बोळे घालतात. कानातून वारं गेलं की ते जन्माला पुरतं, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगतात. आमच्या इथे तर समुद्राचा वारा, म्हणून जास्तच जपायचं. धाकटीला त्या फडक्याचा भयंकर तिटकारा. तिच्या एका मावसबहिणीचा बाळासोबतचा फोटो तिने मला दाखवला होता. डोक्याला जुन्या साडीचं फडकं, हनुवटीखाली गाठ, दाढ दुखणाऱ्या म्हातारीसारखा चेहरा. म्हणाली, मेले तरी मी असा फोटो काढणार नाही. आणि मग मोबाइलवर तिने दुसरा फोटो उघडून दाखवला. कुणी परदेशी पोरगी होती, गळ्यात क्रोशाच्या जाळीची रुंद गळपट्टी. पुढच्या फोटोत तीच गळपट्टी डोक्यावर. वरच्या कडेत ओवलेली नाडी ओढली की वरचं तोंड मिटतं आणि टोपी होते, नाडी सोडली की परत गळ्यात. तिचं म्हणणं, माणसं आली की गळ्यात, माणसं गेली की कानावर.

मी हसायलाच लागले. वारं लागू नये म्हणून घालायची टोपी आणि तिलाच भोकं. मी म्हटलं, अगं, आतून मलमलचं अस्तर लावून देते. ती म्हणाली, मग ते फडकंच झालं की. ऐकेचना. आणि खरं सांगते, मलाही मोह झाला. मी लग्नाआधी डहाणू स्टेशनजवळ एका शिवणक्लासच्या बाईंकडे क्रोशा शिकले. तेव्हापासून माझ्या हातून तोरणं, ताटावर झाकायचे थालपोस, टीव्हीवरची झाकणं यांच्यापलीकडे काही गेलं नव्हतं. नात्यातल्या कितीतरी मुलींच्या रुखवतात माझे रुमाल ‘वधूने स्वतः विणलेले’ म्हणून मांडले गेले, त्या वधूंना साधी साखळी घालता येत नव्हती. अंगावर घालायचं काही मला कुणी विणायला सांगितलंच नव्हतं.

स्टेशनकडच्या दुकानातून मी लहान मुलांची मऊ लोकर आणली, कोनफळाच्या आतला असतो तसला जांभळा रंग. आमच्याकडे लोकर ठेवतात ती माथेरानला नाहीतर उत्तरेला फिरायला जाणाऱ्यांसाठी, तेव्हा निवडायला फार काही नव्हतं. फोटो मोठा करकरून टाके ओळखले. साखळीचा गोल करायचा, तो अंबाड्यावरून सहज उतरला पाहिजे पण कपाळावर ढिला पडता कामा नये. मग खांबाचा उंच टाका, साखळी, खांब, साखळी, अशा जाळीच्या फेऱ्या घालत नळीसारखं वर जायचं. सुरुवातीला गोल मोठाच व्हायचा. माझा हात सैल, थालपोसाला ते चालतं, डोक्याला चालत नाही. उसवलं, परत केलं. माप बघायला ती नळी पाणी भरायच्या कळशीवर उपडी घालायची. सासूबाई येता-जाता बघायच्या आणि म्हणायच्या, कळशीला थंडी वाजते का.

पण कानांचं माझ्या मनातून जाईना. म्हणून मी एक केलं. खालची कड, जी बरोबर कानांवर येणार, तिथे चांगला चार बोटं रुंद पट्टा मुक्या खांबांनी विणला. मुका खांब म्हणजे बुटका, दाटीवाटीचा टाका, त्यात भोक राहत नाही. त्या पट्ट्यातून उजेडसुद्धा दिसत नव्हता, मी दिव्यासमोर धरून पाहिला होता. वर जाळी, खाली भिंत. धाकटीने जरा नाक मुरडलं, जाळी कमी झाली म्हणाली. मी म्हटलं, हा पट्टा राहणार, नाहीतर तू तुझं फडकं बांध. मग मुकाट्याने घेतली. बाळंतपणाला माहेरी जाताना तिने ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली होती.

जानेवारीत तिला मुलगी झाली. मी आणि सासूबाई डिंकाचे नि आळिवाचे लाडू घेऊन चारोटीला गाडी बदलून तलासरीला गेलो. आमच्या समुद्राकडे थंडी अशी नसतेच, तलासरीत मात्र सकाळची चांगली झोंबते. धाकटी खाटेवर बसली होती, टोपी डोक्यावर, पट्टा दोन्ही कानांवर नीट ओढलेला. काय दिसत होती म्हणून सांगू. तिच्या आईने माझ्यासमोर त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, वर जाळी आहे पण कानाला घट्ट आहे हो, बरं केलंत. हे ती म्हणाली. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बाळाला घ्यायला मी हात पुढे केले तर सासूबाई म्हणाल्या, बाहेरून आलोय, आधी हातपाय धू. मी धुऊन आले तोवर बाळाला भूक लागली होती. म्हटलं असू दे, सव्वा महिन्याने घरीच येणार आहे.

पुढे थोड्याच दिवसांत घरच्या ग्रुपवर फोटो आला. अंगणात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मांडीवर बाळ, डोक्यावर जांभळी टोपी. आणि खालचा पट्टा वर दुमडलेला. कानातल्या मोत्याच्या कुड्या दिसाव्यात आणि कानापर्यंत जाळी यावी म्हणून. सगळ्या नातेवाइकांनी अंगठे आणि बदाम पाठवले. नणंदेने लिहिलं, हिरॉइन. सासूबाईंना मीच मोबाइल धरून दाखवला, त्याही म्हणाल्या, छान दिसते. कान उघडे आहेत हे एकीलाही दिसलं नाही. मला तेवढंच दिसलं. मी लगेच फोन करून म्हटलं, अगं, पट्टा खाली घे. ती हसली. फोटोपुरतं केलं हो ताई.

मग एका सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातून पाणी एका बाजूने गळायला लागलं. आरशात बघते तर उजवी बाजू लोंबलेली, डोळा मिटेना. तिला वापीला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, बाळंतपणाच्या सुमारास कुणाकुणाला होतं, गोळ्या घ्या, चेहऱ्याचे व्यायाम करा, बहुतेक पूर्ण बरं होईल. वाऱ्याचा काही संबंध नाही, हेही सांगितलं. हे मला दिरांनी नंतर सांगितलं. पण डॉक्टरांचं ऐकायला त्या घरात कोण बसलं होतं? धाकटीच्या आईचा फोन आला तेव्हा सासूबाई ऐकत राहिल्या, आणि फोन ठेवायच्या आधीच त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर बाहेरची खोली शेजारणींनी भरलेली. धाकटीची आई मधोमध बसली होती, हातात माझी टोपी. मला बघितल्यावर तिने वरच्या जाळीत तीन बोटं घातली, पलीकडून काढली आणि सगळ्यांना दाखवली. म्हणाली, बोटं जातात तिथून वारं जाणार नाही का? बाया चुकचुकल्या. मी म्हटलं, कानाच्या जागी घाला बोट. खालच्या पट्ट्यात घाला. कुणीच ऐकून घेतलं नाही. एक म्हातारी दुसरीच्या कानाशी लागली, आणि ते मला ऐकू यावं इतपतच हळू बोलली, की जिची कूस उजवली नाही तिच्या हातचं बाळंतिणीला घालायचंच कशाला.

वाऱ्यावर माझा विश्वास आहे की नाही, ते मलाच धड सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणतात नाही, तर नसेल. पण असलाच तर मी कानाला भोक ठेवलं नव्हतं. दोन्हीकडून मी सुटत होते आणि दोन्हीकडून मलाच धरलं होतं. मी खाटेकडे गेले. धाकटी पदराने अर्धं तोंड झाकून बसली होती. मी तिला विचारलं, “सांग ना गं. पट्टा कुणी दुमडला होता?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाळाकडे पाहिलं. मग बोटाने स्वतःच्या तोंडाकडे खूण केली, बोलता येत नाही अशी. तिची आई माझ्या अंगावर धावून आली, पोरीची ही दशा आणि तुम्ही तिला जाब विचारता. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. अच्छाडच्या नाक्याकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती, एसटी मिळेपर्यंत आम्ही दोघी हायवेवर धूळ खात उभ्या होतो. मी मनात म्हणत होते, बिचारीला खरंच बोलता येत नाही. तोंड सरळ झालं की बोलेल. मी तिची वकिली करत होते, बघा.

सव्वा महिन्याऐवजी ती उन्हाळा लागल्यावर घरी आली. चेहरा जवळजवळ बरा झाला होता, हसताना उजवीकडे थोडं मागे राहायचं एवढंच. पोरगी गुटगुटीत. मी पाट घासून ठेवला होता, खोबरेल कोमट केलं होतं. सकाळी मागच्या दाराने पाड्यावरची एक बाई आली. सासूबाईंनी तिला कामाला लावलं होतं, बाळाला न्हाऊ घालायला. मला कुणी ‘तू नको’ म्हटलं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. मला फक्त सांगितलं, पाणी चांगलं तापवून दे. मग रोज सकाळी मी चुलीवर पाणी तापवायचं, बादली न्हाणीघराच्या दारात ठेवायची आणि आतून पोरीचं रडणं, मग तेल चोळलं की गप्प होणं, ऐकत भाकऱ्या थापायच्या. ती बाई भली होती, तिचा काही दोष नाही. एकदा तिने मला विचारलंही, तुम्ही घेता का, मला आज उशीर होतोय. मी मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या पाटावर येऊन बसल्या. गुडघ्यांसकट.

मी ह्यांना सांगून पाहिलं. हे म्हणाले, जाऊ दे ना, कशाला उकरून काढतेस, होईल हळूहळू. पुरुषांचं बरं असतं, त्यांचं सगळं हळूहळू होतं. पोरगी रांगायला लागली, चालायला लागली. माझ्याकडे आली की कुणीतरी हाक मारायचं. ‘ये बाळा, काकीला काम आहे.’ हाक मारणाऱ्यांत धाकटीही असायची. तिचं तोंड आता सरळ होतं, ती सगळ्या विषयांवर बोलायची, मालिकांवर, चिकूच्या भावावर, शेजारच्या सुनेवर. त्या एका गोष्टीवर नाही. दुपारच्या एका ताटाची दोन केव्हा झाली, ते माझ्याही लक्षात आलं नाही. मी वाट बघत होते. आज बोलेल, उद्या बोलेल.

दोन हजार अठराच्या हिवाळ्यात तलासरीकडे आणि डहाणूच्या पूर्वेच्या गावांत जमीन हलायला लागली. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. माणसं घराबाहेर तंबूत झोपू लागली. धाकटीच्या माहेरच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा तिचे आईवडील थोड्या दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना काही कमी पडू दिलं नाही. आल्या पाहुण्याशी वाकडं वागायची माझी जात नाही, आणि घाबरलेल्या माणसावर काय डूख धरायचा.

एके दुपारी मी आणि धाकटीची आई पडवीत वाल सोलत बसलो होतो. घर सोडून आल्यामुळे बाई जरा मऊ पडली होती. आपण होऊन म्हणाली, झालं गेलं मनात ठेवू नका हो. मी तेव्हा बोलले रागाच्या भरात. तुम्ही काय वाईटासाठी थोडंच सांगितलं असेल तिला, पट्टा दुमड म्हणून.

माझ्या हातातला वाल हातातच राहिला. मी विचारलं, मी सांगितलं?

ती म्हणाली, हो, तिनेच सांगितलं ना आम्हाला. पहिल्याच दिवशी, वापीहून येताना गाडीत. म्हणाली, ताईंचा फोन आला होता, जाळी झाकली जाते, पट्टा वर कर, माझं विणकाम लोकांना दिसू दे. म्हणून केला. तुमच्या सासूबाईंनाही ठाऊक आहे की.

म्हणजे त्या दिवशी बोटाने तोंडाकडे खूण करणारी, तिला आदल्या दिवशी गाडीत चांगलं बोलता येत होतं. दोन वर्षं मी समजत होते की तिने तोंड उघडलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. तिने उघडलं होतं. मी उठून वाल तसेच टाकून आत गेले. धाकटी ओट्याजवळ चहा गाळत होती. मी तिला सगळं जसंच्या तसं विचारलं. तिने नाकारलं नाही, एवढं मात्र खरं. चहाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “सगळे माझ्यावर तुटून पडले होते ताई. फॅशन पाहिजे होती, आता भोग, असं आई म्हणाली. माझं तोंड वाकडं झालं होतं. मला वाटलं, नवरा आता मला टाकून देईल. मला तेवढं एकच सुचलं.”

मी म्हटलं, आणि माझं काय होईल ते नाही सुचलं?

“तुम्हाला सवय होती बोलणी खायची,” ती म्हणाली. “मला नव्हती.”

तिने हे वाईटपणाने म्हटलं नाही. अगदी समजावून सांगावं तसं म्हटलं. म्हणूनच ते इतकं लागलं. मी तिला म्हटलं, बाहेर चल, तुझी आई आहे, सासूबाई आहेत, त्यांच्यासमोर हे बोल. एकदाच बोल. मग मी आयुष्यात पुन्हा हा विषय काढणार नाही. ती डोळे पुसत म्हणाली, आता कशाला ताई, इतकं जुनं झालं, सगळे विसरले. मी म्हटलं, मग पोरीला उद्यापासून माझ्याकडे देतेस का? तिने कपात चहा ओतला, ट्रे उचलला आणि बाहेर गेली. मी ऐकत उभी राहिले. बाहेर बिस्किटांचं बोलणं चाललं होतं.

मी तेव्हाच बाहेर जाऊन आकांडतांडव करायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. करून काय मिळालं असतं? सासूबाई म्हणाल्या असत्या, आता आपलं झाकायला पोरीच्या नावावर ढकलते. माझा शब्द त्या घरात किती चालतो, ते मला ठाऊक होतं. मी वाल सोलून पुरे केले आणि रात्री त्यांची उसळ केली. सगळ्यांनी मागून घेऊन खाल्ली.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये पोरीला गावातल्या बालवाडीत घातलं. तिला सोडायला-आणायला सासरे जायचे. त्या दिवशी ते वाढवणला गेले होते, तिथे होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातली सभा होती, गावोगावचे बागायतदार आणि मच्छीमार जमणार होते. दीर आणि हे त्यांच्याबरोबर. धाकटी सासूबाईंना घेऊन डहाणूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि तिथे नंबर लागायला वेळ झाला. तिचा फोन आला, ताई, तेवढं पिल्लूला घेऊन या ना. मी हातावरचं पीठ धुतलं, साडी बदलावी असं मनात आलं, पण वेळ नव्हता. निघाले तशीच.

बालवाडीच्या बाई नवीन होत्या, वापीच्या बाजूच्या, गावातलं कुणी ओळखत नव्हत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पोरीला विचारलं, ही कोण गं तुझी? पोरगी चपलेत पाय घालत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, “ही आमची जेवणाची काकी.”

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तिने जे पाहिलं तेच सांगितलं. जन्मापासून तिने मला चुलीपाशी पाहिलं होतं, पाणी तापवताना, भाकऱ्या थापताना, आणि मांडीवर कधी घेतलेलं तिला आठवत नव्हतं, कारण घेतलंच नव्हतं. बाई नम्रपणे मला म्हणाल्या, मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पण घरातलंच कुणीतरी यायला पाहिजे. कामाला असणाऱ्यांकडे आम्ही मुलं देत नाही.

माझ्या तोंडात आलं होतं. मोठी सून आहे मी त्या घरची. पण ते मी कुणासमोर सिद्ध करणार होते, अडीच वर्षांच्या पोरीसमोर? मी म्हटलं, तिच्या आईला फोन करा. बाईंनी लावला. आवाज मोठा होता, मला इथवर ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, एक बाई आल्यात न्यायला, तुमची मुलगी म्हणते जेवण करतात, देऊ का?  धाकटीच्या शेजारी सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या, तेही ऐकू आलं.

“हो हो, द्या,” ती म्हणाली. “आमच्याकडेच असतात त्या.”

बाईंनी पोरीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, नीट न्या हां, रस्त्यावर गाड्या असतात. आम्ही दोघी वाडीच्या कडेकडेने निघालो. तिचा हात माझ्या हातात असा पहिल्यांदाच आला होता, घामेजलेला, खडूने पांढरा झालेला. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, आज जेवायला काय केलंयस. मी तिला सांगितलं.